आलंच तं, राजेहो!

डोंगरवाटेवर ‘अजून किती आहे हो?’ या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय. गुराख्याला विचारा, तो काठी उचलून ‘हे काय, समोरच’ म्हणतो आणि समोर अख्खी टेकडी उभी असते. उतरून येणारा तरुण ‘दहा मिनिटं’ म्हणतो. ती दहा मिनिटं त्याच्या वयाची असतात. पण ही माणसं वाटेत भेटतात आणि वाटेतच सुटतात. त्यांच्यावर नीट रागावायलाही सवड मिळत नाही. पंचाईत होते ती असा माणूस घरातलाच असला की.

आणि तो असतोच. ज्याच्या गावाशेजारी एखादा किल्ला, धबधबा, लेणं, गेलाबाजार एखादा पाझर तलाव आहे, असा एक काका, मामा किंवा आतोबा प्रत्येक घराण्यात निघतो. आलेल्या पाहुण्याला ते दाखवून आणल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पाहुणा बारशाला आलाय की तेराव्याला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. ‘आलेच आहात तर’ या तीन शब्दांत तो पाहुण्याची दुपारची झोप, गुडघे आणि नवीन चपला एकदमच ताब्यात घेतो.

आमच्या सासरी ही गादी नानांकडे आहे. नाना म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर, बरीचशी नोकरी मेहकर आगारात. निवृत्त झाल्यावर त्यांनी लोणारला घर बांधलं आणि सरोवराच्या पर्यटनाचा सगळा भार, कोणी दिला नसताना, स्वतःच्या खांद्यावर घेतला. लोणारमध्ये परवानाधारक, शिकलेसवरलेले गाईड आहेत. नानांचा त्यांच्यावर राग नाही, पण कीव आहे. ‘ते पैशे घेतात,’ नाना म्हणतात, ‘मंग लोक त्याईचं आयकतात. आपलं फुकट असते, म्हून आपल्याले बोलावं जास्त लागते.’

अंगानं सडपातळ, रंगानं लोणारच्या दगडाशी नातं सांगणारे, डोक्यावर टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम: पेन, हळदीची पुडी आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बुटाच्या नाडीला बांधलेलं लोहचुंबक. खांद्यावर खाकी पिशवी. नोकरी सुटली तरी नोकरीतल्या सवयी सुटलेल्या नाहीत. निघताना ते माणसं मोजतात, पेनचं टोक प्रत्येकाकडे रोखून आणि ओठ हलवत. बारा वर्षांखालची मुलं अजूनही अर्धी धरतात. ‘साडेसात झाले,’ म्हणतात, म्हणजे सहा मोठे आणि तीन पोट्टे. मग मामींनी भरून दिलेल्या स्टीलच्या डब्यावर अंगठीनं दोनदा टणटण करतात. डबल बेल. गाडी सुटली.

मामी गाडीत नसतात. लग्न होऊन लोणारच्या पंचक्रोशीत आल्याला त्यांना जन्म लोटला, पण हल्ली त्या काठावरच्या रस्त्याच्या पलीकडे जात नाहीत. ‘उतरायले कोणाच्या बापाचं काय जाते,’ एवढंच म्हणतात आणि भाकरीचं पीठ मळायला घेतात. लोणारच्या वाटेबद्दल मी ऐकलेल्या वाक्यांपैकी हे एकच वाक्य शंभर टक्के खरं आहे.

कारण वाट तशी लहानच. गावातून निघायचं, दैत्यसूदनाच्या देवळावरून धारेपाशी यायचं आणि तिथून पायऱ्यांनी खाली सरोवराच्या काठाला. नकाशावर बोटभरसुद्धा भरत नाही. सरोवर ज्यात आहे त्या खड्ड्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे काठावरून पाणी स्वच्छ दिसतं, इतकं जवळ की मुलं दगड मारून बघतात. दगड अर्थात खालच्या झाडीतच गडप होतो. ‘हे काय, आलंच तं!’ नाना म्हणतात आणि बुजुर्ग मंडळीसुद्धा पदर खोचून पहिली पायरी उतरतात. खड्डा मोठा कपटी आहे. जाताना तो तुम्हाला नुसता आत घेतो. हिशेब परतीला मागतो.

पहिला स्टॉप दैत्यसूदन. देऊळ यादवकाळातलं म्हणतात; बाहेरून तारकाकृती, भिंतीवर एक वीतभर जागा कोरायची सोडलेली नाही. नाना इथं लवणासुराची गोष्ट सांगतात. लवणासुर जमिनीखाली विवरात दडून बसायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, त्याच्या बहिणींना भुलवून जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्यानं विवरावरचं झाकण उडवलं आणि राक्षसाला मारलं. झाकण लांब जाऊन पडलं, त्याचा डोंगर झाला. सरोवराचं पाणी म्हणजे राक्षसाचं रक्त. गोष्ट संपते न संपते तोच, श्वास न घेता, नाना हा खड्डा पाडणाऱ्या उल्केवर येतात. माझ्या मेव्हण्यानं एकदा विचारलं होतं, ‘नाना, मग खरं काय? राक्षस की उल्का?’

‘दोन्हीत वरून कोणीतरी आलं अन् खाल्तं भोक पडलं,’ नाना म्हणाले. ‘आता कोण आलं ते ज्याचं त्यानं पाहावं. चला, पुढं सरका, पुढं जागा हाय.’

एवढ्या वर्षांत विज्ञान आणि पुराण यांचा इतका बिनबोभाट समझोता मी दुसरा पाहिलेला नाही.

धारेचं पाणी बारमाही. गोमुखातून पडतं, गोड, थंडगार. आंघोळीला माणसं रांग लावतात. हे पाणी थेट काशीहून येतं अशी इथली श्रद्धा. भूगर्भवाले म्हणतात भूजलाचा झरा. नाना दोघांनाही मान देतात आणि बाटल्या भरून घ्यायला लावतात, कारण खाली गेल्यावर समोर एवढं तळं पसरलेलं असतं आणि प्यायला थेंब नसतो. पाणी खारट आणि वरून सोड्यासारखं अल्कधर्मी, सामू साधारण दहाच्या घरात. एके काळी या तळ्यातला खार काढून साबणाला आणि काचेच्या कामाला विकायचे. नानांच्या लेखी या खाराचा एकच दोष आहे: त्यात साबण विरघळवून दाखवता येत नाही, अभयारण्य आहे.

तर काठ. पहिल्यांदा येणारा माणूस इथं गप्प होतो. गोलाई एवढी नेमकी असते की हे आपोआप झालं यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. चहूबाजूंनी हिरवी उतरण, मध्ये कधी हिरवट, कधी करडं पाणी, आणि सगळ्याला एक शांत, जरा अंगावर येणारा वर्तुळाकार. नानांना माणसांचं हे गप्प होणं फार आवडतं. ते मिनिटभर चालू देतात. मग घसा खाकरतात.

‘जगात तिसरा!’

हे वाक्य लोणारमध्ये पानवाल्यापासून सगळे म्हणतात आणि ते खरं नाही. आपल्याच देशात मध्य प्रदेशातलं ढाला आणि राजस्थानातलं रामगढ ही आघातविवरं लोणारपेक्षा कितीतरी मोठी आहेत. जगाची तर गोष्टच सोडा. हे नानांना अनेकांनी सांगून पाहिलंय. शेवटी एकदा मुंबईहून आलेल्या एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थिनीनं त्यांना समजावलं की नंबर महत्त्वाचा नाही आजोबा, बेसाल्ट महत्त्वाचा. बेसाल्टमध्ये झालेली विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ब्राझीलमध्ये दोनतीन आणि अशीच थोडी, आणि त्यांतही इतकं टिकून राहिलेलं हेच. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसाल्टचा. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथं येतात. नानांनी ते मनापासून ऐकलं. आता ते म्हणतात, ‘जगात तिसरा, अन् बेसाल्टमध्ये पयला!’ पहिला मिळाला म्हणून हातचा तिसरा सोडायचा, असं त्यांनी कधी केलेलं नाही.

विवर कसं झालं याचं प्रात्यक्षिक मात्र काठावर होत नाही, ते आदल्या रात्री जेवताना होतं. ताटातला वरणभात चमच्यानं थापून सपाट करायचा, म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. मग कैरीच्या लोणच्याची फोड डोक्याच्या उंचीवरून सोडायची. वरण उडतं. ते पाहुण्याच्या शर्टावर गेलं की नाना खूश. ‘हे पाहा, उडालेला माल! हा काठाच्या बाहेर हजार मीटरच्याही पुढं जाऊन पडला.’ मग भाताची कड दाखवायची, बाहेरच्या बाजूला उलटलेली. एकदा एका नातवानं विचारलं, ‘पण नाना, उल्का कुठंय आता?’ नानांनी फोड उचलली आणि तोंडात टाकली. ‘संपली. वाफ झाली.’ आता यात शास्त्राच्या दृष्टीनं खोट काढायला जागा नाही. आघाताच्या उष्णतेत उल्का वितळून, वाफ होऊन गेली. खड्ड्यात शोधायला गेलं तर तिचा धोंडा सापडत नाही.

आणि हे जेवणातलं शास्त्र दुसऱ्या दिवशी उतरणीवर खरोखरच कामाला येतं. पायऱ्या उतरताना बाजूच्या कड्यात काळ्या दगडाचे थर दिसायला लागतात, एकावर एक. वर काठाजवळ हे थर आडवे नाहीत, ते मागे, बाहेरच्या बाजूला झुकलेत. दख्खनभर आपण जे आडवे पट्टे पाहतो, सह्याद्रीच्या कुठल्याही घाटात, तेच इथं कोणीतरी खालून ढोसून उचलल्यासारखे कलंडलेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शांतपणे पसरून थंड झालेला दगड, आणि नंतर एका क्षणात त्याची झालेली ही गत. नाना तिथं थांबतात, दगडावर पालथा हात ठेवतात, तो कोन तळव्यानं धरून दाखवतात. ‘पाह्यलं? आपला भात.’ साडेसात डोकी माना डोलावतात. जास्त बोलायची ताकद उतरतानाही राहिलेली नसते.

सगळ्यात गंमत वयाची. लहानपणापासून सगळे सांगत आले की हे विवर बावन्न हजार वर्षांचं. नानांनी ते पाठच केलेलं. निवृत्तीच्या समारंभात आभाराच्या भाषणातसुद्धा ते आलं होतं म्हणे. मग कोणत्यातरी कॉलेजच्या सहलीनं त्यांना सांगितलं की दगडातल्या आर्गॉनवरून मोजल्यावर वय आलंय पाच लाख सत्तर हजार. मामी सांगतात, दोन दिवस माणूस नीट जेवला नाही. ‘दहापट चुकलो ना आपण, पब्लिकची फसवणूक झाली.’ तिसऱ्या दिवशी मात्र तोडगा निघाला. आता नाना काठावर जाहीर करतात: ‘आधी बावन्न हजार होतं. मंग भाडेवाढ झाली. वरून ऑर्डर आली, पाच लाख सत्तर हजार. आपण काय करता? जे सुधारित दर असतीन ते सांगावं लागते.’

वाटेत पडकी देवळं येतात, झाडीत निम्मी बुडालेली. सीताफळं, बाभळी, साग, मध्येच ओरडणारे मोर. वानरांना नानांची खाकी पिशवी ओळखीची आहे. भाकरी कुठल्या कप्प्यात असते तेही ठाऊक आहे. प्रत्येक देवळापाशी नाना थांबतात आणि काहीतरी सांगतात. कधी अलेक्झांडरसाहेबाचं. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, ते. (मामींची कित्येक वर्षं अशी समजूत होती की सिकंदर बादशहा लोणारपर्यंत येऊन गेला. त्यांना ते विशेष वाटलंही नव्हतं. ‘येतातच सगळे इकडं,’ म्हणाल्या.) कधी सत्तरच्या दशकातल्या शास्त्रज्ञांचं. भारतातले आणि अमेरिकेतले लोक इथं आले, तळ्याच्या तळाला बोअर घेतली, आणि खालच्या चुरा झालेल्या दगडात अशी काच सापडली जी नुसत्या ज्वालामुखीनं होत नाही. खनिज वितळल्याशिवायच प्रचंड धक्क्यानं काच होऊन जातं. तिचं नाव मास्केलिनाइट. चंद्रावरून आणलेल्या दगडांशी ताडून बघितलं आणि हा ज्वालामुखीचा खड्डा नव्हे हे पक्कं झालं. नाना मास्केलिनाइटला ‘मस्केलाइन’ म्हणतात आणि ते शास्त्रज्ञ आपल्याच गाडीनं मेहकरहून आले होते असं सांगतात.

‘जीपगाडीनं आल्ते ते,’ घरी हा विषय निघाला की मामी.

‘जीप बंद पडली होती त्याईची.’

या थांब्यांमागं एक पद्धत आहे, ती मला सावकाश कळली. नाना थांबतात ती जागा देवळामुळं ठरलेली नसते, कोणाला तरी धाप लागलेली असते. ते मागं वळून चेहरे बघतात. कोणाचे ओठ सुकले, कोण कंबरेवर हात ठेवून उभं आहे हे त्यांना एका नजरेत कळतं. भरल्या एस.टी.त पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत कोणाचं तिकीट राहिलंय ते कळायचं, तसंच. पण ‘थांबू या, तुम्ही दमलात’ असं ते मरेपर्यंत म्हणणार नाहीत. ‘जावईबापू, हा खांब पाहा बरं,’ म्हणतात. मी खांब बघतो. खांबात काही नसतं. मला श्वास मिळतो.

पाण्याच्या काठावर पोचलं की आधी वास येतो. चिखलाचा, कुजका, अंड्यासारखा. बायका नाकाला पदर लावतात. ‘नाकाले सवय होते,’ नाना म्हणतात. ती होत नाही. मग प्रयोग. पळसाचं पान पसरायचं, त्यावर पुडीतली चिमूटभर हळद, आणि बोटानं तळ्याच्या पाण्याचे दोन थेंब. पिवळीधमक हळद बघता बघता लालभडक होते. ‘झालं कुंकू!’ नाना टाळी वाजवतात. आत्याबाई आणि काकवा पुढं सरसावून बघतात आणि त्यातली एखादी तरी ते बोट कपाळाला लावून मोकळी होते. सामू, अल्क वगैरे जे मला शाळेत लिटमस कागदानं समजलं नव्हतं, ते इथं पळसाच्या पानावर एका झटक्यात समजतं.

त्यानंतर चुंबक. काळ्या वाळूवरून नाडीला धरून फिरवायचं की त्याला बारीक खड्यांची दाढी येते. मुलं किंचाळतात. लोकांची समजूत अशी की हे लोखंड उल्केचं. खरं तर दख्खनच्या बेसाल्टात मॅग्नेटाइट सगळीकडेच असतं. माझ्या मुलानं, वय वर्षे अकरा, म्हणजे नानांच्या हिशेबी अर्धा, एकदा तोंडावर सांगितलं, ‘नाना, हे सिंहगडावरच्या मातीलापण चिकटतं. आम्ही करून बघितलंय.’

नाना क्षणभर नाडीला लोंबणाऱ्या दाढीकडे बघत राहिले. ‘चिकटत असंन,’ म्हणाले. ‘पण तिथं उल्का कुठी पडली?’

पुढं पाण्याची पातळी असेल तसं कमळजादेवीच्या देवळाकडं जायचं. पाणी कमी असलं तर तिथली सासू-सुनेची विहीर दिसते, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी ख्याती असलेली. कोणती बाजू कोणाची यावर आमच्याकडे एकदा भर उन्हात वाद झाला होता. त्याचे पडसाद दिवाळीपर्यंत उमटले. त्यावर मी लिहिणार नाही.

आता परतीची वाट. नानांचं ‘आलंच तं’ इथं खऱ्या तेजानं झळकतं. पहिलं ‘आलंच तं’ तळालाच, उत्साहाचं. दुसरं पहिल्या वळणावर, अजिजीचं. तिसऱ्याच्या वेळी एखाद्या कडुलिंबाकडे बोट जातं: ‘त्या लिंबापासून पाच मिनिटं, राजेहो!’ लिंब येतो. लिंबापासून दुसरा लिंब दिसतो. माई आत्या, वय सत्तरीच्या पुढं, एकदा मधल्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी जाहीर केलं की आता आपल्याला इथंच पुरा. नाना त्यांच्या शेजारी बसले. वाद घातला नाही. पिशवीतून भाकरी-ठेचा काढला, अर्धी त्यांना दिली, अर्धी स्वतः खाल्ली आणि १९७२ च्या दुष्काळात एका बाळंतिणीला रात्रीच्या गाडीनं दवाखान्यात कसं पोचवलं, ड्रायव्हरनं मधल्या एकाही थांब्यावर ब्रेक कसा मारला नाही, ते सांगायला सुरुवात केली. गोष्ट ऐन रंगात आली तेव्हा नाना उठले आणि सांगत सांगत वर चालायला लागले. पुढं काय झालं हे कळायचं म्हणून आत्यांना मागं जावंच लागलं. बाळ झालं तेव्हा त्या काठावर पोचल्या होत्या. वर आल्यावर म्हणाल्या, ‘नाना, तुमच्या गाडीत मी परत बसायची नाही.’ पुढच्या वर्षी त्या भजनी मंडळाला घेऊन आल्या.

वर आलं तरी सुटका नाही, तपासणी असते. सरोवर अभयारण्यात आहे, २०२० च्या नोव्हेंबरात त्याला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला, इथला दगडगोटा उचलून न्यायचा नाही. फाटकापाशी नाना मुलांना रांगेत उभं करून खिसे उलटे करायला लावतात. ‘चला, तिकीट दाखवा!’ जप्त केलेले खडे पिशवीत टाकून संध्याकाळी ते परत खाली नेऊन ठेवतात, हे मामींनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. ‘परत खाली? सगळं उतरून?’

‘नायतं काय. म्हणते, पाच लाख सत्तर हजार वर्षांची चीज हाय, हिशेबाले कमी नाई पडली पाहिजे.’

नानांचा सगळ्यात वाईट काळ म्हणजे २०२० चा जून. आयुष्यभर ज्यानं रंग बदलायची म्हणावी तशी हौस दाखवली नव्हती, ते तळं एकाएकी गुलाबी झालं. बातम्या झाल्या, देशभरातून फोटो फिरले. आणि टाळेबंदी! नानांच्या घरी कुत्रं फिरकत नव्हतं. जन्मभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला आणि गाडी पूर्ण रिकामी. नानांनी मामींचा मोबाइल घेतला आणि काठावरून, मास्क हनुवटीवर ओढून, एकेका नातेवाइकाला व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. पडद्यावर बराच वेळ नानांचं एक नाकपुडं दिसलं, मग आभाळ, मग क्षणभर खरोखर गुलाबी पाणी. ‘दिसते काय, जावईबापू? दिसते काय?’

कोणी म्हणालं लवणासुराचं रक्त, कोणी म्हणालं शेवाळ. शेवटी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आहेत. पाणी आटलं, खार वाढला, ऊन तापलं, ते फोफावले आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्यानं पाणी रंगलं. पुढं रंग उतरलाही. त्या दिवसापासून माझी लोणारमधली पत एकदम वाढली. संस्थेशी माझा संबंध तिच्या रस्त्यावरून जाण्यापुरता आहे, पण नाना धारेपाशी अनोळखी लोकांना माझी ओळख करून देतात: ‘हे आमचे जावई. पुण्याचे. लाल पाण्याचं पुण्यानंच शोधलं नं.’ लोक आदरानं नमस्कार करतात. मीही करतो.

मध्यंतरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाना-मामी आमच्याकडे आठवडाभर होते. पुण्यात नाना गप्पगप्पच असायचे. दाखवायला काही नाही आणि दाखवून घ्यायची सवय नाही, अशा माणसाचे फार हाल होतात. डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिल्यावर मी त्यांना पर्वतीवर नेलं. काळा चष्मा लावून नाना सावकाश चढत होते. मधल्या टप्प्यावर एक जाडजूड गृहस्थ कठड्याला टेकून घाम पुसत उभे होते. नाना या टेकडीवर जन्मात पहिल्यांदाच येत होते; वर किती पायऱ्या उरल्यात त्यांना कल्पना नव्हती.

‘आलंच तं!’ त्यांनी त्या गृहस्थांना सांगितलं. आणि उजवा हात पुढं करून, ‘चला, पुढं सरका.’

गृहस्थ खरंच चालायला लागले.

वर पोचल्यावर नाना कठड्याच्या कडेला उकिडवे बसले. मी पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तर खिशातलं चुंबक बाहेर आलं होतं, आणि देवळामागच्या मातीतून फिरवल्यावर त्याला चांगली घनदाट काळी दाढी आली होती. मला बघून नाना दचकले. मुलाचं सिंहगडाचं वाक्य त्यांनाही आठवलं असणार. त्यांनी दाढी बोटानं झटकली, चुंबक खिशात टाकलं, उभे राहिले आणि काळ्या चष्म्यातून खालचं अख्खं पुणं न्याहाळायला लागले.

‘इथीबी एखादी पडली असंन, जावईबापू,’ थोड्या वेळानं म्हणाले. ‘तुमच्या लोकाईनं नीट पाह्यलं नसंन. तो तिकडं खाल्तं खोलगट भाग दिसते, तो कोणता?’

‘ते स्वारगेट, नाना. एस.टी. स्टँड.’

नानांनी मान डोलावली.

‘तरीच,’ म्हणाले.